आल्टरेशन

गोळीबार चौकात माझं दुकान होतं, सहा बाय आठचं.
नवं कापड क्वचितच कापलं.
लोक रेडिमेड आणायचे,
मी कंबर सैल करायची, बाही वर घ्यायची,
आणि शिवणीत दोन बोटं राखून ठेवायची,
अंग काही एका मापात थांबत नाही म्हणून.

आता डोळे.
उजवा पुरता गेला, डावा सायीखाली.
दवाखान्याची तारीख मोबाइलवरच घ्यायची म्हणे.
नोंदणीसाठी इथे दाबा, असं लिहिलंय.
इथे म्हणजे कुठे?
करड्या कापडावर करड्या दोऱ्याची टीप.
कारागीर सफाईचा असणार, नाही कशाला म्हणू.
पूर्वी अशी टीप मी अंधारात बोटानं शोधायची.
काचेवर बोटाला काही लागत नाही.

दाबत राहिले.
फोटोतल्या डॉक्टरच्या कपाळावर दोनदा,
एकदा पत्त्यावर,
मग नुसत्या पांढऱ्यावर कितीतरी वेळ.

वरच्या माळ्यावरची ऋणाली हेडाऊ आली.
"आजी, लिंक तर हे काय, इथंच आहे."
"असेल बाई. मले दिसून नाही राहिली."

तिनं मोबाइल घेतला, त्यात कसलंसं जोडलं,
चार ओळी लिहिल्या.
"पान त्यांचं. पण तुमच्यापुरतं कसं दिसावं ते तुम्ही ठरवा.
रंग सांगा."

चाळीस वर्षं मी विचारत आले,
काखेत दाटतं का, गळा टोचतो का.
मला कुणी विचारलं नव्हतं.

पिवळा, म्हटलं.
हा नाही, हा लिंबाचा. हळदीचा घे.
वर काळी अक्षरं.
खाली रेघ. जाड कर. अजून.
अन् अखंड नको, तुटक घे, धावदोऱ्यासारखी,
म्हणजे मला कळेल, इथं उसवायचं आहे.

"छान नाही दिसणार हो, आजी."
"छान राहू दे. दिसू दे."

पानभर पिवळे तुकडे उमटले.
मी मोजले, एकवीस.
एवढी दारं होती त्या भिंतीला
आणि मी डॉक्टरचं कपाळ दाबत बसले होते.

ज्यानं ते पान शिवलं त्याला पत्ताही नाही.
तिकडे ते तसंच असेल, सुबक, करडं.
मी त्याचं काही कापलं नाही,
माझ्यापुरती शिवण सोडली.
पण बापा, पुढचं शिवशील तेव्हा
आत दोन बोटं राखशील का?

मंगळवार मिळाला, साडेअकरा.
किती देऊ विचारलं तर पोरगी भडकली.
मग तिची जीन्स मागून घेतली,
पायात चार बोटं लांब आहे,
जिन्यावरून उतरताना घासते, ऐकते मी रोज.
सुई मात्र तिलाच ओवायला लावली.
पिवळा दोरा.