पापण्यांतला गहू

दूध-पोळी हा मला आलेला पहिला जोडशब्द.
त्यातलं दूध मी स्वतः पुसलं,
सहा वर्षांपूर्वी, एका तबेल्यात
मुसकी बांधलेल्या रेडकाकडे बघून.
पोळी पुसली वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी,
आतड्याचा फोटो माझ्याकडे सरकवत :
"हे गालिच्यासारखं हवं होतं. बघा, पार झिजलंय."
मधली आडवी रेघ तेवढी उरली.
ती घेऊन रिक्षाने घणसोलीला आलो.

रात्री स्वयंपाकघराची झडती.
ज्या नकली कबाबांवर माझी अहिंसा पोसली जात होती
ते गव्हाच्याच गोळ्याचे निघाले.
हिंगाच्या डबीवर, चष्मा काढून डोळ्याजवळ धरल्यावर,
मुंगीएवढ्या अक्षरांत : मैदा.
हिंग!
त्याच्यावर मी कधी संशयसुद्धा घेतला नसता.

मावसभावाच्या साखरपुड्यात ताट पुढे करत मावशी म्हणाली,
एका पुरीनं काय होतंय?
सहा वर्षं मी "नको" म्हणत आलो,
मान ताठ ठेवून, थोडा गुर्मीतच.
आता म्हणालो, "चालत नाही."
आवाज आपोआप पेशंटचा झाला
आणि गंमत बघा, सगळे लगेच गप्प झाले,
कुणी खुर्ची दिली, कुणी केळं सोलून दिलं.
"नको"ला हा मान कधीच मिळाला नव्हता.
केळं खाल्लं. वाईट वाटलं ते रेडकाचं.

तांदूळ घेऊन वाळुंजांच्या गिरणीत गेलो.
म्हटलं, दगड झाडून घ्या, सकाळी पहिलं माझं दळा,
वर पैसे देतो.
दत्तोबा वाळुंजांनी पट्टा थांबवला.
नाकपुड्या पांढऱ्या, कानाची लव पांढरी.
"दगड झाडीन हो," ते म्हणाले,
"हवा कशी झाडू?
तीस वर्षं दळतोय. माझ्या पापण्यांत गहू आहे.
तुम्ही इथं येऊच नका."
एवढ्या प्रेमानं मला कुणी हाकललं नव्हतं.

रविवारी ते स्वतःच आले.
आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून,
तरी उंबऱ्याबाहेरच उभे.
हप्त्यावर घेतलेली माझी घरघंटी
लांबूनच न्याहाळत,
प्रतिस्पर्ध्याकडे बघावं तसं.
"दोन नंबरची जाळी लावा. नाही, उलटी.
आता सोडा. मुठीनं नाही, बारीक धारेनं."
घंटी घरघरली. खालचे शिर्के वर येऊन गेले.
पीठ कोमट होतं. मी हात घातला
आणि बराच वेळ काढला नाही.

पहिली भाकरी तव्यावरच दुभंगली,
दुसरीला मधोमध भोक.
तिसरी, म्हटलं तर, गोल.
शेंगदाण्याची चटणी, कांदा.
अर्धी मी उंबऱ्यापलीकडे दिली.
वाळुंज उभ्याउभ्याच खात होते,
डोळे मिटून, दाढेखाली पीठ तपासत.

"गिऱ्हाईक गेलं माझं," ते म्हणाले.
मग बोटं चाटून,
"पाण्याला अजून एक उकळी हवी होती."