टाचा टेकतात

पडलो तेव्हा गाडी उभी होती.
आरपीडी क्रॉसचा सिग्नल, लाल,
एकोणचाळीस सेकंद बाकी.
उजवा चवडा रस्ता शोधत राहिला
आणि रस्त्याच्या जागी निघाला खड्डा,
चार बोटं खोल, फार नाही.
दोनशे किलो लोखंड सावकाश, अगदी सभ्यपणे,
माझ्यासकट आडवं झालं.

ट्रॅफिकवाला धावला, "येनात्री काका?"
"येनिल्ला, येनिल्ला," म्हणत
पेट्रोलच्या वासात पडल्या पडल्या
मी आधी पाहिलं, ओळखीचं कुणी आहे का.
होतं.
माझ्याआधी बातमी उद्यमबागेत पोचली.
लेथवरच्या पोरानं चहाचा ग्लास पुढं करत विचारलं,
"चोर्ल्याच्या चिखलात पडला नाहीसा, सर,
आणि सिग्नलला?"

नऊ वर्षं होती.
तिच्या पोटाखालच्या पत्र्यावरचा एकेक ओरखडा
मला तोंडपाठ:
हा पारवाडचा दगड,
हा चिखल्याच्या वाटेवरचा सागाचा बुंधा,
हा कुठला ते आठवत नाही,
पण त्या दिवशी बुटात तीन जळवा निघाल्या होत्या.

रात्री डायरी काढून हिशेब मांडला.
गेल्या साली अकरा हजार किलोमीटर.
त्यातला चिखल साठ.
बाकी सगळा हायवे,
काकती, हत्तरगी, दर दुसऱ्या रविवारी संकेश्वर,
लेकीकडं, मागं शैलजा.
तिला चढायला कट्टा लागायचा.
पेट्रोल पंपावर कट्टा नसतो,
म्हणून ती पंपावर कधी उतरलीच नाही,
निपाणीपर्यंत तशीच बसून राहायची,
मांडीवर कुंद्याचा डबा.
हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

"माझ्यासाठी घेऊ नकोस," ती म्हणाली,
"मग जन्मभर मला ऐकवशील.
गुडघ्यासाठी घे. गुडघा तुझा आहे."

जुनी बघायला रवळू गावडे आला,
कणकुंबीचा लाईनमन, लाल बसनं,
खांद्यावर खांब चढायचे आकडे.
बसला. दोन्ही पाय सपाट जमिनीवर.
मी तिकडं बघितलं नाही.
"कशाला रे एवढी उंच?"
"आमगावची लाईन हाय की, सर.
खांब पडतोय, बस जाईना."
इंजिनाचं काही विचारलं नाही त्यानं,
विचारलं, मागच्या कॅरिअरवर
वीस किलो वायरचं भेंडोळं बसतंय काय.
त्या कॅरिअरवर मी तंबू बांधला होता.
एकदा.

निम्मे पैसे रोख, निम्मे तीन हप्त्यांत.
पान्यांची पिशवी ठेवून घेतली होती,
तो गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर
हाक मारून तीही दिली.

नवी बुटकी, रुंद, खुर्चीसारखी.
पुढं एवढी मोठी काच
की वारा कानापर्यंत येतो आणि
शेजाऱ्यासारखा दारातूनच परत जातो.
स्पीडब्रेकरवर तिरकी घ्यावी लागते,
नाहीतर पोट घासतं, आणि हा ओरखडा
सांगण्यासारखा नसतो.
पिरनवाडीच्या नाक्यावर अजून
हँडल जांबोटीकडं ओढ घेतं.
हँडल कसलं, मीच.

जुलैत फोन. मागं पाऊस एवढा
की अर्धं ऐकू येईना.
"सर, आरसा मोडला. दांडीच तुटली."
"दांडी लेथवर काढून देतो. आरसा तू बघ."

रविवारी संकेश्वरला गेलो नाही.
आमगावच्या फाट्याशी डांबर संपतं
तिथं थांबवली. दोन्ही टाचा टेकल्या.
शैलजा उतरली, कट्ट्याबिट्ट्याशिवाय,
साडीचा काठ वर धरून चिखल बघत म्हणाली,
"इकडं यायचास होय तू?"

उत्तर द्यायच्या आत
झाडांच्या आतून आवाज आला.
दिसायच्या आधी ओळखला.
टॅपेट वाजतायत.
त्याला सांगायला हवं.