शनवारचे तेली

शुक्रवारी दिवस कलायच्या आत
सिपोराबाई बाटली घेऊन येते,
औषधाची जुनी, बुचाला चिंधी.
जवसाचंच दे म्हणते. सरकीचं धुरकट जळते.

आम्ही दारव्ह्याचे तेली. तीही तेलीच, सांगते,
पण शनवारचे : तिकडं कोकणात
शनवारी घाणा बंद ठेवणारे.
आडनाव झिराडकर. झिराड तिनं पाहिलं नाही,
समुद्रही नाही. बाप जिनिंगात फिटर होता,
मशीन बसवायला आला तो इथंच राहिला.

धाकटा हस्साजी गेला तेव्हा
दहा बाप्ये लागतात, एवढंच बोलली.
मुंबईचा भाचा फोनवर रडला.
जिनिंगच्या मागं, तिच्या बापाशेजारी,
मी, माझी दोन पोरं, घाण्यावरचा रज्जाक,
पोस्टमन, सोनटक्के मास्तर, आणखी कोण कोण,
डोक्यावर रुमाल टाकून मोजून दहा झालो.
तिनं एकेकाकडं पाहिलं.
"हे चालत नाही आमच्यात," म्हणाली.
"पण उभे राहा."

पुस्तक तिनंच वाचलं, बोट उजवीकडून डावीकडं.
रज्जाकला तेवढं ओळखीचं वाटलं.
आमेन कुठं म्हणायचं ते ती मानेनं सांगायची,
आम्ही दरवेळी मागं पडायचो.

आज शुक्रवार. आता घरात एकच ताट.
मी विचारलं, बाटली अर्धीच भरू का?
"भाजीले कमी लागते," बूच काढत म्हणाली,
"दिव्याले तेवढंच लागते, बाबू."