सरकता गुण्या

लुननबर्गला जानेवारीत साडेचारलाच अंधार पडतो.
मला त्याचं काही नाही.
पण शेजारच्या एल्डनने काळोख्या शेडमधून
करवत ऐकली आणि नाड्या न बांधताच
बर्फ तुडवत आला धापा टाकत,
"बर्टन, अरे दिवा गेलाय तुझा!"
"एकोणीस वर्षं झाली," मी म्हटलं
आणि फळीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

मॅक्सीनचं म्हणणं, दुकानात मिळतं की टेबल.
चार स्क्रू, एक किल्ली, आणि कसं जोडायचं त्याची चित्रं.
चित्रं! मग तिची तीच हसत सुटली.
मला कोपऱ्यातच बसायचंय,
खिडकीच्या डाव्या अंगाला,
जिथे धुक्यातला भोंगा आधी पोचतो.
समोर ब्रेलचं यंत्र, उजव्या हाताला दोन खण.
खणांत काय ठेवणार, विचारते.
ते अजून ठरलेलं नाही.

माझ्या पट्टीला आकडे नाहीत, आटे आहेत.
फिरवली की वाजते, सोळा टिकटिकींचा एक इंच.
ओठ हलवत मोजली सगळी भिंत;
मध्ये फोन वाजला, पुन्हा पहिल्यापासून.
पेन्सिल नाही, चाकूची रेघ, ती नखाला अडते.
बर्च गार आणि घट्ट,
पाइन हळवं, अंगठा टेकवला तरी मनाला लावून घेतं.
गाठ यायच्या आधी राळेचा वास येतो
आणि फळी सुटायच्या आधी करवतीचा सूर चढतो,
तेव्हा हात कुठे आहेत ते आठवायचं.

तिसऱ्या आठवड्यात माथा बसवला.
डावी बाजू भिंतीला चिकटली, श्वास जाणार नाही अशी.
उजवीकडे, पार टोकाला,
माझी करंगळी आत गेली.
गुण्या लावला. पुसून पुन्हा लावला.
माथा काटकोनात होता.
खोली नव्हती.

एक्केचाळीस वर्षं डोळ्यांनी बघितलेली खोली.
गृहपाठ ह्याच कोपऱ्यात,
शिक्षा झाली की उभाही इथेच,
नाक भिंतीला लावून. नाकालासुद्धा कळलं नाही.

घर बाबांनी बांधलेलं.
बाबा होड्या बांधायचे, कॉड पकडायला जाणाऱ्या.
होडीत काटकोन ठेवायचा कुठे?
पाणी कोपऱ्यात बसत नाही, म्हणायचे.

"वरून एक पट्टी ठोक," एल्डन म्हणाला,
"कुणाला दिसतंय!"
आणि मग गप्प झाला.
मी हसलो तरी बराच वेळ गप्पच.

पेटीच्या तळाशी बाबांचा सरकता गुण्या निघाला.
दांडा त्यांच्या तळव्याने झिजलेला, पितळी स्क्रू,
पात्याला गंजाची वाळू.
कोपऱ्यात धरला. पातं उघडत गेलं,
काटकोनाच्या पुढे, अजून थोडं,
आणि भिंतीला टेकून थांबलं.
स्क्रू आवळला.
अंश किती झाले, कुणाला विचारलं नाही.
तो कोन तसाच उचलला
आणि अंगण ओलांडून शेडमध्ये नेला
दोन्ही हातांत, काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा.

आता हे टेबल जगात दुसऱ्या कुठल्याच घरात बसणार नाही.

खणांना मात्र अशी सूट नाही.
एक खण एका टिकटिकीने जाड निघाला.
त्याला तीन दिवस दिले: रंधा, सरकवून बघणं,
मेणबत्ती घासणं, शिवी, पुन्हा रंधा.

मॅक्सीनला वाटतं काहीतरी चुकलंय.
वरचा खण लोटला
की खालचा बोटभर बाहेर येतो, आपण होऊन.
आतल्या हवेला निसटायला फट उरलेली नाही,
एवढंच आहे ते.
मी अजून सांगितलेलं नाही.
ती खालचा लोटते, वरचा येतो.
स्वयंपाक तसाच टाकून
ती पुन्हा वरचा लोटते.