अजून जरा दमट

बर्नलीत, चढावरच्या गल्लीच्या तोंडाशी
ग्लेनिस क्लेगची लाँड्री.
अकरा यंत्रं धुण्याची, सहा वाळवण्याची,
आणि दार, नोव्हेंबरातही सताड,
खाली वीट लावून.
"वास कोंडतो," ती म्हणाली.
मी वहीत लिहिलं : वीट.

माझं काम असं की परक्या दुकानात शिरायचं
आणि कुठून काय गळतंय ते बघायचं.
निम्मे पैसे कौन्सिल घालते,
उरलेल्या निम्म्यांसाठी गोड बोलायचं मी.

ग्लेनिसनं बिस्किटांच्या डब्यातून बिलं काढली,
तारखेनं लावलेली,
शेवटची तीन अजून पाकिटातच.
"तूच फोड."
मी फोडली.
आतबट्ट्याचा व्यवहार, हा आईचा शब्द
जिभेवर आला, तो मी चहाबरोबर गिळला.

मग कॅमेरा काढला, गरम-गार दाखवणारा.
बॉयलरचा पाइप उघडाच,
पडद्यावर पांढराशुभ्र, हात लावला तर चटका.
जाळ्यांमध्ये कापसाचा भुगा, एक उशी भरेल इतका.
चाळीस अंशांवर निघणारा मळ
इथे साठवर उकळत होता.
एक ट्यूब सारखी फडफडत होती.
"ती राहू दे, ट्रेव्हर गेला तेव्हापासून तशीच आहे,"
म्हणाली, आणि लगेच, "नाही, काढ."

मागच्या गल्लीत आले
तेव्हा चार वाजून गेले होते, अंधारच.
भिंतीत वाफेची सहा तोंडं,
पडद्यावर सहा नारिंगी फुलं.
आणि तिसऱ्या फुलाखाली एक माणूस,
दुधाच्या क्रेटवर, भिंतीला पाठ लावून,
वर्तमानपत्राची घडी मांडीवर.
त्यानं टोपीला हात लावला. मी कॅमेरा खाली केला.

"विल्फ," ग्लेनिस म्हणाली, "सहाला जातो.
घरी कार्डाचा मीटर आहे,
कार्ड भरलं तर तापतं, नाही तर नाही."

झळ, धग, आच, शेक, ऊब.
पाच शब्द मला घरून मिळालेले,
रिपोर्टात रकाना एकच :
वाया जाणारी उष्णता, एकतीस टक्के.

उपाय सोपा होता.
वाफेतली उष्णता धरून ठेवणारी एक पेटी,
ती धुण्याचं पाणी आधीच कोमट करते,
दोन वर्षांत पैसे वसूल.
ग्लेनिसनं चष्मा लावला,
ओळीवर बोट ठेवून वाचलं.
"आणि गल्लीत काय जाईल मग?"
"दमट हवा."
"किती गार?"
मी आकडा सांगितला.
तिनं पाइपावर सही केली, जाळ्यांवर केली,
दिव्यांवर, चाळीस अंशांवर,
दाराच्या स्प्रिंगवरसुद्धा.
पेटीची ओळ कोरी ठेवली.

खरं सांगायचं तर मला राग आला.
परतीच्या गाडीत मी हिशेब पुन्हा मांडला,
एका माणसाला रोज दोन तास शेकायला
किती गॅस जळतो, पौंडांत, किलोंत.
मांडला आणि खोडला.

जानेवारीत तिचा फोन :
"बसव ती पेटी. पण आधी खिडकीशी एक बाक हवा,
तो तुझ्या यादीत बसतो का?"
बसत नव्हता.
मी पाहणीच्या नावाखाली गेले, सुतारासकट.

मार्चमध्ये पुन्हा जाणं झालं.
दार आपोआप मिटलं माझ्यामागे.
पाइपावर चंदेरी वेष्टण,
बिल उघडलेलं, काउंटरवर, मगखाली दाबलेलं.
वीट आता बाकाच्या आखूड पायाखाली.

विल्फ सुरुवातीला येईनाच, ग्लेनिस सांगत होती,
तीन आठवडे त्या गार भिंतीशीच बसला.
मग एक दिवस आला
हातात उशीचा एक अभ्रा घेऊन,
स्वच्छ, इस्त्रीचा,
गिऱ्हाइकासारखा.
तेव्हापासून रोज तोच अभ्रा.

सहाला पाच मिनिटं असताना
ती काउंटरवरूनच विचारते,
"वाळला का?"
तो अभ्रा गालाला लावून बघतो.
"अजून जरा दमट आहे."