न्हाणीघरात कार्ड कुठे ठेवायचं

ओसाकातल्या ज्या गल्लीत मी भाड्याने राहतो
तिथल्या माझ्या खोलीला न्हाणी नाही.
म्हणून रात्रपाळीला निघण्याआधी
टॉवेल, साबण, मोजून चिल्लर घेऊन
कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जातो.

पहिल्याच दिवशी जिन्यात घरमालकीणबाईंनी हटकलं :
"कार्ड घेतलंस?"
मला वाटलं, न्हाणीघराचं काही सभासदत्व असेल.
त्यांनी बोटाने माझा शर्टाचा खिसा ठोकला.
"ते. परदेशी माणसाचं."

दारावर पाटी ताकायामा.
गॅसवाला ताकायामासान म्हणतो, मासळीवाली जुंकोसान,
आणि जेजू बेटावरून बोटीने आलेली त्यांची आई
होती तोवर हाक मारायची, सुनजाया.
त्या मात्र जन्मल्या याच गल्लीत.
समोर पार्किंग आहे ना, तिथे चपलांचा कारखाना होता,
त्याच्या माळ्यावर, सरसाच्या वासात.

"मी कुठे परदेशी गेले?" म्हणतात,
"परदेशच आला माझ्याकडे. चौदाव्या वर्षी, वॉर्ड ऑफिसात."
डाव्या हाताची तर्जनी.
कारकुनाने ती धरली, काळी केली,
आणि कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत
हळूहळू लोळवली,
जसं काही आत कोणी लपून बसलंय.
रॉकेलने घासून घासून बोट लाल केलं,
शाळेत सांगितलं, शाईची दौत सांडली.

मग एक वही. वहीनंतर कार्ड.
पोटरीशी मोज्यात, लंगोटांच्या पिशवीत,
लग्नात रेशमी झग्याच्या अस्तराला टाचून.

एका उन्हाळ्यात नवरा अंघोळीला निघाला,
खांद्यावर टॉवेल, अंगात बिनखिशाचा गंजीफ्रॉक.
न्हाणीघराच्या दाराशी पोलीस.
घर साठ पावलांवर. "धावत जाऊन आणतो," म्हणाला,
आणि धावला.
कागदावर लिहिलं गेलं : पळाला.
रात्रभर चौकीत.
"अंघोळ राहिलीच त्याची," बाई म्हणतात,
जणू सगळ्यात वाईट तेवढंच होतं.

आता कायदा बदललाय.
त्यांच्यासारख्यांनी ते जवळ बाळगलंच पाहिजे असं नाही.
माझ्यासारख्यांनी बाळगलंच पाहिजे.
तरी संध्याकाळी त्या माझ्यापुढे चालतात
आणि टोपलीत, शाम्पूशेजारी,
दोनदा गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी.
"सक्ती नाही ना तुम्हाला?"
"मला नाही. हाताला कोण सांगणार?"

परवा सायकलवरचा एक पोलीस थांबला.
कोवळा पोरगा, टोपी जरा मोठी.
माझ्याकडे कार्ड मागितलं, मी दिलं,
त्याने उजेडात धरून तिरकं करून पाहिलं.
तोवर बाई गाठी सोडत होत्या.
एक सुटली. दुसरी दातांनी.
"आजी, तुमचं नको."
"बघ. बासष्ट वर्षं सांभाळलंय, तू एकदा बघ.
नाव वाच."
"ताका..." तो अक्षरं चाचपू लागला, "जुंको?"
"ते पाटीवर. इथे को सुनजा.
पुन्हा."

रस्त्यात दोन मोटारी निघून गेल्या.
"को सुनजा," तो म्हणाला,
आणि दोन्ही हातांनी कार्ड परत दिलं.
माझंही, मग, दोन्ही हातांनी.

आत, बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू
यांमधली भिंत छतापर्यंत पोचत नाही.
मी गळ्यापर्यंत कढत पाण्यात,
अंगावर फक्त रबरी कड्यातली किल्ली, एकतीस नंबर.
भिंतीवरून आवाज येतो :
"लॉकर ओढून पाहिलास ना?"
मी ओढून पाहिला होता.
तरी पाण्यातून उठतो, सगळ्यांसमोर, निथळत.