एकच व्यक्ती

महापालिकेच्या खिडकीतला क्लार्क म्हणाला,
मयताचं नाव एकच लिहा.

मी तीन कागद पुढे सरकवले.
चर्चच्या वहीत, निळ्या शाईत: दुर्कस यिर्मया भांबळ.
शाळेच्या दाखल्यावर: डॉर्कस.
रेशनकार्डावर: दुर्गाबाई.
घाईच्या वेळी कुणाला तरी जे ऐकू आलं ते.
मावशीने कधी दुरुस्त करून घेतलं नाही.
साखर त्या नावानेही गोडच निघायची.

यातलं खरं कुठलं, त्याने विचारलं.

काय सांगू त्याला.
यापो नावाच्या बंदरगावी एक बाई होती,
विधवांना अंगरखे शिवून देणारी.
अरामी बोलीत ती तबीथा,
ग्रीकांच्या तोंडी दुर्कस,
आणि दोन्हींचा अर्थ हरणी.
ग्रीक जाणणारे म्हणतात,
या शब्दाच्या मुळाशी बघणं असावं,
उजळ डोळ्यांनी, टक लावून.
हे मला पटतं.
सुईत दोरा ओवताना मावशी तशीच बघायची,
सत्त्याहत्तराव्या वर्षी, चष्म्याशिवाय,
जीभ किंचित बाहेर.

दूध बाजारातली गजाला
लग्नाचा शरारा शिवायला आली होती.
बोलता बोलता दोघींना कळलं
की त्या एकमेकींच्या नावाच्याच आहेत.
त्या दिवशी मावशीने शिलाई घेतली नाही.
पुढच्या वेळी घेतली.

पंचवटीतल्या गिऱ्हाइकांना मात्र
ती नावाचा अर्थ सांगायची नाही.
"तिथे हरीण म्हटलं की लोक आधी धनुष्य शोधतात,"
म्हणायची, आणि टिपेवरची नजर न हलवता हसायची.
तिकडे ती नुसती ब्लाउजवाल्या बाई.

आणि शहराचं तरी कुठे एक आहे?
नाक कापलं म्हणून, की नऊ शिखरं म्हणून,
यावर अजून वाद घालता येतो.
मधे काही काळ ते गुलशनाबादही होतं.
कुणी मागितला त्याच्याकडे स्टॅम्पपेपर?
मावशी म्हणायची,
कापल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते.
ते नंतर कुणी शिवलं, हे कुणी विचारत नाही.

एक नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही.
शरणपूरच्या जुन्या वस्तीत
गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलं आणली होती,
पार आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची.
त्यांतली एक आमच्या खापरपणजीची मैत्रीण.
पाद्र्यांनी तिचं नाव ठेवलं दुर्कस.
तिच्यावरूनच आमच्या घरात हे नाव आलं.
तिने तिचं पहिलं नाव एकदाच सांगितलं, चिंचेखाली.
खापरपणजीने ते पूर्ण जपलं,
पणजीने अर्धं,
आजीकडे नुसता सूर उरला,
वर चढणारा, मग एकदम खाली.
मावशी मशीनवर तो गुणगुणायची.
त्याचा अर्थ काय, विचारलं तर म्हणायची,
तिकडेही हरणं असतातच की.

मातीच्या दिवशी बायका आल्या,
तपोवनातून, भद्रकालीतून, थेट सातपूरहून.
भजन कुणालाच नीट येत नव्हतं.
एकीने हात वर करून काखेतली टीप दाखवली,
वीस वर्षं झाली, उसवली नाही.
मग सगळ्याच दाखवू लागल्या.
पाळकसाहेब पुस्तक उघडायचं विसरून बघत राहिले.
ही गोष्ट त्यांनी कितीदा वाचली होती,
यापोतली.

शेवटी नोटरी बोरस्त्यांनी मजकूर टाइप केला:
वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून
त्याबाबत खोटे आढळल्यास मी जबाबदार राहीन.
आणखी काही नावं आहेत का, त्यांनी विचारलं.
दोनशे रुपयांत बसतंय तोवर सांगा.

मी तबीथा लिहायला लावलं.
मग घसा साफ केला,
आणि कीबोर्डवर थांबलेल्या त्यांच्या बोटांकडे बघत
तो सूर जमेल तसा म्हणून दाखवला.

"स्पेलिंग?" ते म्हणाले.